स्टेंट बसवल्यानंतरचे पहिले वर्ष : मधुमेही रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत स्वतःच्या पायांनी चालत घरी येतो. छातीतले दुखणे थांबलेले असते, मनगटावर टोचल्याची बारीक खूण तेवढी असते, आणि भेटायला आलेले नातेवाईक ‘ब्लॉकेज निघाला, आता काही काळजी नाही’ असे सांगून चहा पिऊन जातात. प्रत्यक्षात ब्लॉकेज निघालेला नसतो. स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी; ती अरुंद झालेल्या जागी फुगवून बसवली की चरबीचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीकडे दाबला जातो आणि रक्ताला वाट मिळते, पण तो थर तिथेच राहतो. शिवाय मधुमेह असलेल्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, त्यांचा आजार एका जागी न थांबता लांबवर पसरलेला असतो, त्यांच्या रक्तातील प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) अधिक चिकट असतात आणि स्टेंटच्या आत नव्या पेशी वाढून जागा पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते. म्हणून त्यांच्यासाठी अँजिओप्लास्टीनंतरची देखरेख थोडी वेगळी आणि बरीच काटेकोर असावी लागते.

या देखरेखीतली सर्वांत मोठी अडचण औषधांची नसून कागदांची असते, असे माझे मत वडिलांची फाइल काही वर्षे सांभाळल्यावर झाले आहे. हृदयरोगतज्ज्ञ स्टेंटकडे पाहतात, मधुमेहाचे डॉक्टर शुगरकडे पाहतात, आणि दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशव्यांत राहतात. आमच्याकडे कोलेस्टेरॉलची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांकडून लिहिली गेली होती आणि महिनाभर दुप्पट घेतली जात होती. चूक कोणत्याही डॉक्टरांची नव्हती. एकाचा कागद आम्ही दुसऱ्याला दाखवलाच नव्हता. त्यामुळे पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांच्या आधीची पायरी अशी की एक साधी वही करावी. तिच्या पहिल्या पानावर सर्व गोळ्यांची मूळ औषधनावे लिहावीत, कंपनीची नावे नव्हे, आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर तीच वही उघडावी. या लेखातील मात्रा आणि आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या रुग्णाच्या चिठ्ठीत वेगळे काही असेल तर चिठ्ठी प्रमाण मानावी आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारावी, पण स्वतःहून बदल करू नये.

रुग्णालय सोडण्यापूर्वी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, विमा आणि गाडी यांच्या गडबडीत कागद न वाचता घेतले जातात. डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीचा अहवाल व त्याची सीडी, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल आणि स्टेंटचे कार्ड किंवा स्टिकर एवढे हातात आल्याशिवाय बाहेर पडू नये. स्टिकरवर स्टेंटचे नाव, लांबी, व्यास आणि क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून घरातील दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवावा. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली असावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर प्रथम मर्यादा घातली, तेव्हा औषधलेपित स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती. त्यानंतर ती वेळोवेळी बदलत आली आहे. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले असतील, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला फेरतपासणी आणि औषधांबाबत काय मिळू शकते हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण घरी गेल्यावर त्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेवावेत. हा हृदयविकाराचा झटका होता की चालताना दुखण्याचा जुना त्रास, हा पहिला प्रश्न. कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती काळ घ्यायच्या हे त्यावर ठरते. स्टेंट किती आणि कोणत्या रक्तवाहिनीत बसवले, इतरत्र न उघडलेले अडथळे शिल्लक आहेत का, आणि असल्यास त्यांचे काय करायचे, हा दुसरा. हृदयाची पंपिंगची क्षमता किती टक्के आहे, हा तिसरा. किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील क्रिएटिनिन किती आहे, हा चौथा. आणि मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद केल्या आणि त्या कधी सुरू करायच्या, हा पाचवा.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घोटाळा तिथेच होतो. अँजिओग्राफीसाठी रक्तात सोडलेला डाय किडनीवाटे बाहेर पडतो. किडनी आधीच कमकुवत असेल तर मेटफॉर्मिन काही काळ थांबवतात आणि साधारण ४८ तासांनंतर क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात. समरीत ‘थांबवावे’ एवढेच लिहिलेले असते, सुरू करण्याची तारीख कोणी सांगत नाही, आणि रुग्ण पुढच्या भेटीपर्यंत त्या गोळीशिवाय राहतो. मग शुगर अडीचशेच्या वर गेली की स्टेंटमुळे शुगर वाढली असे घरात ठरते.

पहिला आठवडा

बहुतेक ठिकाणी आता मनगटातून प्रक्रिया करतात, काही रुग्णांत ती जांघेतून करावी लागते. मनगटाच्या बाबतीत पाण्याने भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर किंवा नातवंड त्या हाताने काही दिवस उचलू नये. जांघेतून केली असेल तर उकिडवे बसणे, जोर करणे आणि वारंवार जिने चढणे टाळावे, आणि शक्य असल्यास कमोड वापरावा. जखमेतून रक्त येऊ लागले तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये, आणि तरीही थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. हाताला मुंग्या येणे, हात थंड किंवा निळसर पडणे, जांघेत वाढत जाणारी गाठ दिसणे, जागा लाल होऊन ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास उशीर करू नये. मधुमेहात जखमेचा संसर्ग लवकर पसरतो आणि दुखण्याची जाणीव कमी असू शकते, म्हणून ही जागा रोज घरातील दुसऱ्या माणसाने पाहावी.

झटका आला नसेल आणि डॉक्टरांनी मना केले नसेल तर घरातल्या घरात चालणे दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होते. पाच-दहा मिनिटे सपाट जागेवर, दिवसातून दोन-तीनदा, आणि बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. पुढे दर काही दिवसांनी वेळ वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचे असते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. इन्शुलिन किंवा शुगर खाली आणणारी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी लांब चालायला जाऊ नये आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. स्वतः गाडी चालवणे आणि कामावर परतणे यांची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी; झटका आलेल्यांना आणि पंपिंग कमी असलेल्यांना जास्त थांबावे लागते.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या

या लेखातील एकच गोष्ट लक्षात राहायची असेल तर ती या गोळ्यांची राहावी. स्टेंटचा धातू शरीराला परका असतो. त्याच्यावर रक्तवाहिनीच्या आतील पेशींचा पातळ थर चढेपर्यंत प्लेटलेट्स त्याला चिकटून गुठळी करू शकतात, आणि औषधलेपित स्टेंटमध्ये पेशींची वाढ मुद्दाम मंद केलेली असल्यामुळे हा थर चढायला महिने लागतात. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर ती रक्तवाहिनी एका क्षणात बंद होते आणि मोठा झटका येतो. हे टाळण्यासाठी अॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, अशा दोन गोळ्या दिल्या जातात. झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटसाठी ही जोडी साधारण १२ महिने, स्थिर आजारासाठी, म्हणजे झटका न येता चालताना दुखण्याच्या जुन्या त्रासासाठी, साधारण ६ महिने चालते. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत डॉक्टर तो काळ कमी करतात, तर काही मधुमेही रुग्णांत धोका पाहून तो वाढवतात. आपल्या रुग्णासाठी ठरलेली तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावी.

गोळ्या बंद पडण्याची कारणे फार साधी असतात. स्ट्रिप संपली आणि मेडिकलमध्ये ती नव्हती. गणपतीसाठी किंवा शिमग्यासाठी चार दिवस गावी गेलो आणि डबा शहरातच राहिला. ‘पुष्कळ बरे वाटते आहे, थोडे दिवस पोटाला आराम देऊ’ असे कोणी सुचवले. यावर उपाय म्हणून घरात कमीत कमी दोन आठवड्यांचा साठा ठेवावा, प्रवासाच्या पिशवीत वेगळी स्ट्रिप कायमची टाकून ठेवावी, आणि खर्च परवडत नसेल तर गोळी बंद करण्याऐवजी जनऔषधी केंद्रातील जेनेरिक गोळी चालेल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. एखादी वेळ चुकली तर आठवताच गोळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि दोन एकदम घेऊ नयेत. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते, त्यामुळे तिची संध्याकाळची गोळी विसरण्याचे प्रमाण बरेच असते. तिच्यामुळे काही रुग्णांना विनाकारण धाप लागल्यासारखे वाटते. असे झाल्यास ती स्वतः थांबवू नये, डॉक्टरांना कळवावे, ते तपासून दुसरी गोळी देऊ शकतात.

दुसरा धोका इतर डॉक्टरांच्या दारात असतो. दात काढायचा असेल, मोतिबिंदूची शस्त्रक्रिया असेल, एंडोस्कोपी असेल, तर ‘रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद करून या’ असे सांगितले जाऊ शकते. अशा वेळी स्टेंट कधी बसवला हे सांगून हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय एकही गोळी थांबवू नये. दात काढणे बहुधा गोळ्या चालू ठेवूनही करता येते, आणि लगेच न केल्याने बिघडणार नाही अशी मोठी शस्त्रक्रिया शक्य असल्यास सहा महिने, झटका येऊन गेला असेल तर वर्षभर पुढे ढकलतात. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांना अॅस्पिरिनने डोळ्यात रक्त उतरेल अशी भीती असते; तेवढ्या कारणाने ती बंद करण्याची गरज नसते.

गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांनी पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो, आणि आयबुप्रोफेन अॅस्पिरिनचे काम अडवू शकते. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरते. आम्लपित्तासाठी क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल न घेता सहसा पँटोप्राझोल देतात, तेव्हा मेडिकलमधून ‘एक अॅसिडिटीची गोळी द्या’ असे सांगून काहीही आणू नये. हिरड्यांतून थोडे रक्त येणे आणि अंगावर लहान निळे डाग पडणे अपेक्षित असते. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, लघवीतून रक्त, डोक्यावर पडणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांसाठी मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, हे आठवून आधी घाबरू नये, पण तपासून घ्यावे.

शुगर : किती खाली, किती वर

स्टेंटनंतर काही घरांत शुगर एकदम ‘नॉर्मल’ करण्याचा उत्साह येतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी बहुतेक प्रौढांत ७ टक्क्यांच्या खाली असावी, म्हणजे सरासरी शुगर सुमारे १५४. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत हे रोजचे लक्ष्य. मात्र वय जास्त असेल, किडनी कमकुवत असेल, शुगर वारंवार खाली जात असेल, तर डॉक्टर साडेसात ते आठ टक्क्यांपर्यंतही समाधान मानतात, आणि तो आळस नव्हे. शुगर ७०च्या खाली जाणे हृदयरोग्याला जास्त जाचते. त्या वेळी शरीरात अॅड्रेनलिन सुटते, ठोके वाढतात, आणि कमकुवत हृदयात ते ठोके बिघडूही शकतात.

इथे एक गुंता आहे. स्टेंटनंतर अनेकांना मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल यांसारखी ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी दिलेली असते. शुगर खाली गेल्यावर होणारी धडधड आणि थरथर ती गोळी झाकते. घाम मात्र सुटतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला कारण नसताना घाम फुटला, चिडचिड झाली किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर ‘उकडते आहे’ म्हणून पंखा लावण्याआधी ग्लुकोमीटर लावावा. ७०च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि शुगर वर आल्यावर भाकरी किंवा पोळीचा घास द्यावा. पेढा, चॉकलेट किंवा शेंगदाण्याचा लाडू यांतील स्निग्धांशामुळे साखर हळू चढते, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांसाठी ते कामाचे नाहीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. आणि शुगर ठीक असूनही घाम थांबत नसेल, तर तो हृदयाचा इशारा समजावा.

मधुमेहाच्या औषधांची निवडही आता हृदयाकडे पाहून होते, आणि पहिल्या तीन महिन्यांत हा विषय स्वतःहून काढावा. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. पंपिंग कमी असलेल्यांना आणि किडनीलाही या गटाचा उपयोग होतो. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड यांसारखी औषधे वजन कमी करतात आणि पुन्हा झटका येण्याचा धोकाही घटवतात. ती महाग असतात आणि सुरुवातीला मळमळ होते. पायोग्लिटाझोनमुळे अंगावर पाणी साठू शकते, म्हणून पंपिंग कमी असलेल्यांना ती देत नाहीत. जुन्या चिठ्ठीत ती असेल तर दाखवून घ्यावी. पहिल्या गटाची औषधे घेताना जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा स्वच्छता ठेवावी. जुलाब, उलट्या किंवा ताप यांमुळे खाणेपिणे सुटले असेल तर ती तात्पुरती थांबवावी लागतात, आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी तीन-चार दिवस बंद ठेवतात. हे कधी आणि कसे करायचे ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. ही सूचना याच गटापुरती आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांना ती लागू नाही.

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी करावी, आकडे स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी चालते. रक्त कमी असणे, नुकतेच रक्त चढवलेले असणे आणि विदर्भात तसेच आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेलचा वारसा यांमुळे हा आकडा फसवा येऊ शकतो. ग्लुकोमीटरचे आकडे एक सांगत असतील आणि एचबीए१सी दुसरेच, तर ही शक्यता डॉक्टरांना आठवून द्यावी.

कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब

‘माझे कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग गोळी कशाला’ हा प्रश्न लॅबच्या अहवालातील छापील मर्यादांमुळे पडतो. त्या मर्यादा निरोगी माणसासाठी असतात. स्टेंट आणि मधुमेह दोन्ही असलेल्याचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, युरोपीय शिफारशीनुसार ५५च्या खाली, तर भारतीय लिपिड तज्ज्ञांच्या संघटनेनुसार ५०च्या खाली हवे. त्यासाठी अॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम देतात, चार ते बारा आठवड्यांनी तपासतात आणि कमी पडले तर एझेटिमाइब जोडतात. स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते हे खरे आहे, पण झटका टळण्याचा फायदा त्याहून पुष्कळ मोठा असल्याने तेवढ्यासाठी ती सोडायची नसते. स्नायू फार दुखत असतील किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र लगेच कळवावे.

रक्तदाब बहुतेकांत १३०/८० च्या आत ठेवतात. त्यासाठीच्या रॅमिप्रिल गटातील गोळीने कोरडा खोकला आला तर कफ सिरप आणत बसू नये, गोळी बदलून मिळते.

जेवण, उपवास आणि तंबाखू

आहारतज्ज्ञांचा छापील तक्ता फ्रिजवर चिकटवला जातो आणि आठवड्यात विसरला जातो. त्यापेक्षा घरच्या ताटातच चार बदल करावेत : भाताची मूद निम्मी, भाजी आणि उसळ दुप्पट, पापड-लोणचे-सुकट रोजच्या ताटातून बाहेर, आणि माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास तेल. ज्वारी, बाजरी आणि नाचणी चांगल्या आहेत, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर वाढतेच. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्याने शुगरच्या दृष्टीने काहीही साधत नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत हवे, आणि त्यात फरसाण, शेव आणि पावातील मीठही आले. सैंधव हेही मीठच आहे. किडनी अधू असलेल्यांनी पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नये.

उपवासाचा प्रश्न घरोघरी निघतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी आणि शेंगदाण्याची आमटी खाणाऱ्या माणसाची शुगर त्या दिवशी सर्वांत जास्त चढते, आणि निर्जळी करणाऱ्याची कोसळते. पहिल्या सहा महिन्यांत तरी कडक उपवास टाळावा. करायचाच असेल तर वरईचा थोडा भात, दही, काकडी, एखादे फळ अशी विभागणी करून इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडची त्या दिवसाची मात्रा आधी विचारून घ्यावी. नवरात्राचे नऊ दिवस असतील तर ही बोलणी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी व्हावीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांना कोणत्याही उपवासात सुट्टी नाही.

सिगारेट-विडी सोडली असे सांगणारे अनेक जण तंबाखू-चुन्याची चिमूट किंवा मिश्री हिशेबात धरत नाहीत, आणि घरातील स्त्रियांच्या मिश्रीबद्दल तर डॉक्टरही अनेकदा विचारत नाहीत. तीही तंबाखूच आहे, आणि तिच्यातील निकोटिन ठोके आणि रक्तदाब वाढवते. सोडायला मदत लागत असेल तर मागावी. त्यासाठी औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत. अर्जुनसाल, मेथी, कारले किंवा ‘ब्लॉकेज विरघळवणारा’ काढा चालू करायचा असेल तर तोही वहीत लिहून दोन्ही डॉक्टरांना दाखवावा. काहींनी शुगर अनपेक्षित खाली जाते, आणि काढ्यावर भरवसा ठेवून स्टेंटच्या गोळ्या सोडणाऱ्यांचे काय होते हे वर सांगितलेच आहे.

छातीत न दुखता येणारा त्रास

बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत दुखतच नाही. त्याऐवजी नेहमीच्या जिन्यावर धाप लागते, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जड वाटते, वरच्या पोटात ‘गॅस’ दाटल्यासारखा होतो, उलटी होते, दरदरून घाम येतो किंवा एकाएकी प्रचंड थकवा येतो. स्टेंट बसवलेल्या मधुमेहीला असा त्रास नव्याने झाला तर ओवा किंवा सोडा देऊन वाट पाहू नये. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिली असेल तर रुग्णाला बसवून ती द्यावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ वर फोन करावा, आणि गोळी दिलेली नसेल तर थेट फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे आहे. रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. एक गोष्ट घरात सहसा कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो : सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या लैंगिक क्षमतेसाठीच्या गोळ्या अलीकडे घेतल्या असतील तर सॉर्बिट्रेटने रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. मधुमेही पुरुषांत या गोळ्यांचा वापर बराच असतो, तेव्हा त्या घेत असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना एकांतात सांगावे आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टरांपासूनही लपवू नये.

फेरतपासणीचे वेळापत्रक

पहिली भेट एक-दोन आठवड्यांत होते. तिला जखम, रक्तदाब, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि शुगरची वही पाहिली जाते. दुसरी सहा ते आठ आठवड्यांनी, लिपिड तपासणीसह. झटक्यानंतर पंपिंग कमी झाले असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात. पुढे दर तीन-चार महिन्यांनी भेट पुरते. त्रास नसताना दरवर्षी अँजिओग्राफी किंवा स्ट्रेस टेस्ट ‘खात्रीसाठी’ करण्याने फायदा होत नाही, असे आतापर्यंतचे संशोधन सांगते. त्यावर जाणारा पैसा औषधांसाठी ठेवावा.

मधुमेहाच्या बाजूने वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन (किडनीवरील परिणाम दाखवणारे प्रथिन) आणि पायांची तपासणी करून घ्यावी. पाय तर घरीही रोज पाहावेत, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर पायांच्याही झालेल्या असू शकतात, आणि चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर दुखणे जात असेल तर ते म्हातारपण समजू नये. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. एमआरआय करण्याची वेळ आली तर आजचे स्टेंट सहसा आड येत नाहीत, मात्र तिथे स्टेंटचे कार्ड दाखवावे लागते.

वर्ष पूर्ण होताना

लाल शाईने लिहिलेली तारीख जवळ आली की दोन आठवडे आधी हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. दोन गोळ्यांपैकी कोणती थांबवायची आणि कोणती आयुष्यभर चालू ठेवायची, हे त्यांनी चिठ्ठीवर मूळ औषधनावासह लिहून द्यावे असा आग्रह धरावा. ‘एक बंद करा’ हे तोंडी ऐकून घरी आल्यावर कोणती ते आठवत नाही, आणि दोन्ही बंद केल्याची उदाहरणे आहेत. बहुधा अॅस्पिरिन चालू राहते, काही रुग्णांत तिच्याऐवजी क्लोपिडोग्रेल ठेवतात. स्टॅटिन, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांना ही तारीख लागू होत नाही. ठोके कमी ठेवणारी गोळी पंपिंग चांगले असल्यास पुढे लागेल का, हे याच भेटीत विचारता येते. नवी चिठ्ठी हातात आल्यावर वहीचे पहिले पान नव्याने लिहावे, जुने फाडून न टाकता त्यावर तारीख घालून काट मारावी, आणि त्याच आठवड्यात ते मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवून यावे.